वन्सं, कुंड बंद नव्हतं

वन्सं, परवा आम्ही अकलोलीला जाऊन आलो. तुम्ही गेल्याला अजून दोन महिनेही झाले नाहीत, पण पौष लागला होता. अमोल म्हणाला, यंदा राहू दे का? मी म्हटलं, राहू कशाला द्यायचं, तुझी आत्या काही वर्षश्राद्ध होईपर्यंत आपली वाट बघत बसलेली नाही. माझ्या मुलाला माझं असलं बोलणं आवडत नाही. तुम्हाला आवडलं असतं.

तुमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या फळ्यावर तुमच्याविषयी पाच-सहा ओळी लागल्या होत्या. टेलिफोन खात्यात प्रदीर्घ सेवा, शिस्तप्रिय, मनमिळाऊ. 'मनमिळाऊ' वाचून मला जिन्यातच हसू फुटलं आणि तळमजल्यावरच्या बाई मला धरायला धावल्या. त्यांना वाटलं मी रडतेय. मी तसंच वाटू दिलं, त्यांनी चहा केला, मी प्यायले. तुमच्याविषयी चांगलं चांगलं त्या फळ्यावर आलेलं आहे, तेव्हा मी तेच पुन्हा लिहीत बसत नाही. मला एका खोट्याबद्दल लिहायचंय.

गेल्या पौषात मी तुम्हाला फोनवर सांगितलं की कुंड दुरुस्तीसाठी बंद आहे. कुंड बंद नव्हतं. त्यानंतर तुम्हाला पुढचा पौष दिसला नाही. आपल्या सत्तेचाळीस वर्षांत चुकलेली ती एकच खेप, आणि ती मी चुकवली. परवा गाडीत बसताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. म्हाताऱ्या बाईची शेवटची आंघोळ हिनं हिरावून घेतली, असं कुणी म्हणालं तर मी काय उत्तर देणार होते? कुणी म्हणणार नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. हा त्यातला आणखी वाईट भाग.

आता सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं कधी ऐकलेलं नाहीत.

लग्न होऊन मी तुमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आले तेव्हा माझ्याकडे दोन गोष्टी होत्या: रसायनशास्त्रातली बीएस्सी आणि महाबळेश्वरचं स्वप्न. तुमच्या भावानं लग्नाआधी एकदा 'थंडीत कुठेतरी जाऊ' असं म्हटलेलं. मी त्या 'कुठेतरी'त स्ट्रॉबेरी, घोडा आणि पांढरा स्वेटर भरून ठेवला होता. थंडी आली. तुम्ही ऑफिसातून आल्या आल्या जाहीर केलं की पौष लागलाय, पौषात ना लग्न ना मुंज ना वास्तुशांत, म्हणजे कुणालाही 'आमच्याकडे कार्य आहे' सांगून निसटता येणार नाही. आणि आईंच्या गुडघ्यांना गरम पाणी मानवतं, तर सगळे अकलोलीला चला. मी विचारलं, अकलोलीत काय आहे? तुम्ही म्हणालात, पाणी.

कल्याणहून वाड्याची एसटी, अंबाडीला उतरायचं, पुढे टमटम. मी नवा स्वेटर घालून निघालेले. तानसेच्या काठाशी दगडी कुंडं, त्यातून वाफ आणि त्या वाफेला सडक्या अंड्याचा वास. हे माझं मधुचंद्राचं ठिकाण. बरोबर सासूबाई, नणंद, आणि नवरा पलीकडे पुरुषांच्या बाजूला. मी बायकांच्या आडोशाच्या कुंडाशी उभी राहून तुम्हा सगळ्यांना पाण्यातल्या गंधकावर भाषण दिलं. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे काय, तो कसा तयार होतो, या पाण्यात दैवी वगैरे काही नाही. आई म्हणाल्या, हो का, आणि पाण्यात बसल्या. तुम्ही फक्त म्हणालात, "चांदी काढून ठेव."

वन्सं, मला तेव्हा काय वाटलं ते आज सांगते. मला वाटलं, झालं, हिची नजर माझ्या पैंजणांवर. माहेरून आणलेले भरीव पैंजण, आणि ही अविवाहित नणंद. मैत्रिणींनी मला नणंदांबद्दल काय काय सांगून ठेवलेलं. मी म्हटलं, नको, राहू देत, आणि ऐटीत पाण्यात उतरले. अर्ध्या तासानं बाहेर आले तर पैंजण आणि जोडवी काळीठिक्कर. आणि मी, जिनं आत्ताच गंधकावर भाषण दिलं होतं, ती मी पायरीवर बसून रडायला लागले की नव्या संसाराची चांदी काळी पडली, हा अपशकुन आहे, यांना काहीतरी होणार. बीएस्सी, प्रथम श्रेणी.

तुम्ही तिथं हसला नाहीत. संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर बसून दंतमंजनानं एकेक घुंगरू घासलंत, आईंना पत्ता लागू न देता. पैंजण परत माझ्या हातात ठेवताना तुम्ही म्हणालात, "गंधकच ना गं तो?" बस. पुढच्या सत्तेचाळीस वर्षांत हा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत. मी तेव्हा 'थँक्यू'सुद्धा म्हटलं नाही. माझ्या नजरेत तुम्ही लबाड होतात, ती नजर बदलायला थोडा वेळ हवा होता.

तो किती लागला? सांगायला लाज वाटते. आम्ही ठाण्याला वर्तकनगरमध्ये राहायला गेलो, तिथं पुढची दहा-बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत असे की दर पौषात आम्हाला त्या डबक्यावर जावं लागतं. काय करणार, नणंद एकटी, तिला आवडतं, तिला कोण नेणार? बायका हळहळत. मी किती समजूतदार सून आहे याची मला स्वतःलाच मोठी धन्यता वाटे. तुम्हाला मी 'नेत' होते. तिकिटं तुम्ही काढायचात, धर्मशाळेला पत्र तुम्ही टाकायचात, आईंचा हात तुम्ही धरायचात आणि अमोल लहान असताना टमटम मिळाली नाही की त्याला कडेवर घेऊन अंबाडीपासून चालायचातही तुम्हीच. पण नेत होते मी.

घरात एक नियम होता, तो कुणी केला मला आठवत नाही. गरम पाण्यात पाय टाकताना जो 'आई गं' म्हणेल त्यानं दुपारची भांडी घासायची. मी आठ वर्षं भांडी घासली. नवव्या वर्षी मी ओठ दाबून उतरले तर तुम्ही मागून माझ्या पाठीवर ओंजळभर पाणी टाकलंत. त्या वर्षीही मीच घासली. याला मनमिळाऊ म्हणतात.

शेवटी एका वर्षी मी बंड केलं. तुमच्या भावाला बजावलं की यंदा महाबळेश्वर, नाहीतर मी कुठेच येत नाही. तो बिचारा कबूल झाला, तुम्हीही झालात. आठवतंय? कुठल्याशा पॉइंटवर धुकं इतकं की समोरचा कठडा दिसेना. स्ट्रॉबेरी आंबट. हॉटेलात सकाळी गरम पाणी दोन बादल्या, तिसरी मागितली की वेटरचं तोंड वाकडं. तुम्ही दोन स्वेटर आणि वर तुमच्या भावाचं जाकीट घालून बाकावर बसला होतात आणि मी विचारलं, कसं वाटतंय? तुम्ही म्हणालात, देखावा छानच असणार. मी चिडले. पण खरी गोष्ट अशी की तिसऱ्या दिवशी माझे खांदे आखडले आणि मला त्या सडक्या अंड्याच्या वासाची आठवण यायला लागली. मी कुणाला सांगितलं नाही. परत आल्यावर आठवडाभरानं मीच तुम्हाला फोन केला, की पौष संपायला चार दिवस आहेत, तुमचं मन नाराज दिसतंय, तर तुमच्यासाठी म्हणून एकदा जाऊन येऊ. तुम्ही म्हणालात, तू म्हणतेस तर चल. आपण दोघीच गेलो. एसटीत मी तुम्हाला खिडकी दिली, हे माझे उपकार.

दोघीच जायला तेव्हापासून लागलो. आई गेल्या, मुलं मोठी झाली, तुमच्या भावाला त्या वासानं डोकं दुखायचं, तो घरीच पेपर वाचत बसायचा. मग सहा वर्षांपूर्वी तोही गेला. त्याच्या तेराव्यानंतर तुम्ही पिशवी उचलून डोंबिवलीला निघालात, तेव्हा दारात मला वाटलेलं की आता झालं. आपल्यातला दुवा तो होता. तो नाही म्हटल्यावर तुम्ही कोण आणि मी कोण? दोन म्हाताऱ्या, एक वर्तकनगरला, एक डोंबिवली पश्चिमेला. पौषात तुमचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "कधी निघायचं?"

तुमच्या गळ्यापर्यंत पाणी आलं की तुम्ही बोलायचात. एरवी तुमच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागायचा. मला वाटतं गरम पाण्यात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, समोरच्या भिंतीकडे बघतं, म्हणून असेल. एका वर्षी मी धीर करून विचारलं, वन्सं, तुम्ही लग्न का केलं नाहीत? तुम्ही म्हणालात, एक स्थळ चांगलं होतं, पण त्याला फिरायला आवडायचं नाही. मला फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं तर म्हणालात, त्याची आई घोरायची. त्याच्या पुढच्या वर्षी तो माणूस मुळात पौषातच बघायला आला होता आणि आईंनी त्याला दारातून परत पाठवला. त्यापुढच्या वर्षी असा कुणी माणूसच नव्हता. मी शेवटपर्यंत दरवर्षी विचारत राहिले. खरं उत्तर मिळेल म्हणून नव्हे. यंदा काय सांगताय ते बघायला.

आणि आपलं पाण्यावरचं भांडण. तुम्ही म्हणायचात, या पाण्यात गुण आहे. मी म्हणायचे, गंधक आहे. तुम्ही म्हणायचात, गंधकाचाच गुण. मी म्हणायचे, मग तसं म्हणा. तुम्ही म्हणायचात, म्हटलं की. इथून ते भांडण सुरू व्हायचं आणि कुठेही जायचं. माझं रेशन कार्ड, तुमचं कुलूप तीनदा ओढून बघणं, सुनेच्या हातचा चहा, मरणानंतर काही असतं की नाही. काही असतं असं तुमचं म्हणणं. काही नसतं असं माझं. बायका आपल्याकडे बघून दुसऱ्या कोपऱ्यात सरकायच्या.

तर गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात तुम्हाला दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. पथ्यं सांगितली, आणि मी अगदी सहज विचारलं की गरम पाण्याच्या कुंडात बसलेलं चालेल का. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच रुग्ण. अजिबात नाही, म्हणाले. हे तुम्ही तेव्हा ऐकलेलं नव्हतं. तुम्ही झोपला होतात. असं मला वाटत होतं.

अमोल म्हणाला, आई, आत्याला सरळ सांग. त्याला सोपं होतं. मी मनाशी म्हटलं, त्या ऐकायच्या नाहीत, हट्ट करतील, पाण्यात उतरतील आणि माझ्या हातात जातील. आणि दुसरंही म्हटलं, ते आज लिहिते: बिचाऱ्या, त्यांना सहन व्हायचं नाही. बिचाऱ्या. सत्तेचाळीस वर्षं झाली आणि माझ्या तोंडात अजून तोच शब्द. पैंजणवाली पोरगी माझ्यात अजून चांगली धडधाकट आहे, वन्सं, तिचं हृदय थकलेलं नाही.

पौष लागला, तुमचा फोन आला. कधी निघायचं? मी म्हटलं, अहो, कुंड बंद आहे. दुरुस्ती. तुम्ही गप्प. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही, म्हणून मी पुढे बोलत सुटले: लाद्या बसवतायत. तुम्ही विचारलंत, कुठल्या? मी म्हटलं, गुलाबी. कुठून सुचलं देव जाणे. तुम्ही म्हणालात, "गुलाबी? शी." मग म्हणालात, बरं झालं, पायऱ्या निसरड्या झाल्याच होत्या. आणि फोन ठेवलात. मला इतकं हायसं वाटलं की मी शिरा केला.

त्यानंतर वर्षभर तुम्ही त्या लाद्यांचा पिच्छा पुरवलात. गुढीपाडव्याला, लाद्या बसल्या का गं? मी म्हटलं, कंत्राटदार पळाला. आषाढात, सापडला का तो? मी म्हटलं, सापडला, पण लाद्या कमी पडल्या. गणपतीत तुम्ही सईला, माझ्या नातीला, माझ्यासमोर विचारलंत की तुझ्या त्या फोनवर कुंडाचे नवे फोटो दिसतात का बघ. मला दरदरून घाम फुटला. सईला मी स्वयंपाकघरात बोलावून मोदकांच्या कामाला लावली. तुम्ही बाहेर पंख्याखाली शांत बसला होतात. मला वाटलं, बिचाऱ्यांना किती ओढ आहे.

शेवटच्या दिवसांत तुम्ही दवाखान्यात होतात. मी रोज ठाण्याहून यायचे. एका दुपारी तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, यंदाच्या पौषाला लाद्या झाल्या असतील. मी तुमचा हात धरला होता. सांगायचं ठरवलं, शब्द तोंडात आलेही, की वन्सं, लाद्या नव्हत्याच. तेवढ्यात नर्स आली बीपी घ्यायला. ती गेल्यावर मी म्हटलं, हो, झाल्या. तुम्ही म्हणालात, छान. आपलं शेवटचं बोलणं हे. एका नसलेल्या लादीवर.

म्हणून परवा मला जायचंच होतं. सुनेनं कर्जतकडचं एक रिसॉर्ट सुचवलं, तिथं म्हणे टबात गरम पाणी आणि वर गाणी. मी म्हटलं, तुम्ही जा, मी एसटीनं जाते. मग सगळे मुकाट गाडीत बसले. माजिवड्यावरून निघालो, भिवंडीत अर्धा तास अडकलो, अंबाडीला अमोलनं चहा घेतला. मागच्या सीटवर माझ्या आणि सईच्या मध्ये जागा होती, तिथं सईनं टॉवेलांची पिशवी ठेवली. मी ती उचलून पायाशी घेतली. मग मला माझाच राग आला, कसलं हे नाटक, आणि मी पिशवी परत सीटवर ठेवली.

कुंडावर बेबी होती. बायकांच्या आडोशाबाहेर कपडे-चपला सांभाळणारी आणि तिथंच भजी तळणारी ती बेबी. तिच्या आईपासून आपण तिथं चपला ठेवतो. मला एकटीला बघून तिनं झारा खाली ठेवला. मी सांगितलं, गेल्या. तिनं पदरानं तोंड पुसलं. मी विचार केला, हिच्याशी तरी खरं बोलावं, कुठूनतरी सुरुवात करावी. म्हटलं, बेबी, गेल्या साली त्यांना फार यायचं होतं गं, पण मी येऊ दिलं नाही. मी त्यांना खोटं सांगितलं.

बेबीनं झारा पुन्हा उचलला. मग म्हणाली, "आलेल्या ना त्या."

मला वाटलं तिचं साल चुकतंय. मी म्हटलं, त्याच्या आधीच्या साली आम्ही दोघी आलेलो. ती म्हणाली, ते वेगळं. गेल्या पौषात, रिक्षानं, एकट्या. डोंबिवलीहून माणकोलीच्या नव्या पुलावरून थेट. रिक्षावाला इथंच बसून दोन प्लेट भजी खाऊन गेला. तिनं त्यांना पाण्यात उतरू नका म्हणून सांगितलं, चेहरा उतरलेला दिसत होता. तर म्हणाल्या की मला माहीत आहे, डॉक्टरांनी नको म्हटलंय, मी ऐकलंय. नुसते पाय सोडते. आणि पायरीवर बसून तासभर नुसते पाय सोडून बसल्या.

मग बेबीला आठवलं तशी ती हसायला लागली. तुम्ही तिला विचारलंत म्हणे, गुलाबी लाद्या कुठे बसवल्या? ती म्हणाली, कसल्या लाद्या? तेव्हा तुम्ही आपल्याच हसत बसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिनं विचारलं, वहिनी का नाही आल्या? तुम्ही तिला सगळं सांगितलंत आणि वर बजावलंत. तुमचं वाक्य तिला जसंच्या तसं पाठ होतं.

"शैलाला सांगू नको. तिनं माझ्यासाठी एवढं खोटं जुळवलंय, फुकट जायला नको."

आता त्या नाहीत म्हणून सांगते, बेबी म्हणाली आणि घाण्याकडे वळली, कारण भजी करपायला आली होती.

मी आत जाऊन पाण्यात उतरले. सई आधीच गळ्यापर्यंत बसली होती, आजी, कसलं भारी आहे म्हणत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि भिंतीकडे बघितलं.

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? सुटले असं वाटलं. तुमची आंघोळ मी हिरावली नव्हती. तुम्हाला हवं ते तुम्ही घेतलं होतंत, नेहमीसारखं, कुणाला न विचारता. वर्षभर उराशी बाळगलेला दगड पाण्यात गेला. ते सुख साधारण दोन मिनिटं टिकलं.

मग राग आला. सगळं वर्ष तुम्हाला माहीत होतं. तो पळालेला कंत्राटदार, त्या कमी पडलेल्या लाद्या, माझा घाम. दवाखान्यात डोळे मिटून 'छान' म्हणालात ते. तुम्ही मजा घेत होतात, वन्सं, आणि मी तुमची कीव करत होते. आणि सगळ्यात जास्त राग याचा की तुम्ही माझ्याशिवाय गेलात. शेजारच्या कुणाला सांगितलं नाही, अमोलला नाही, सरळ रिक्षा करून. सत्तेचाळीस वर्षांची सवय, आणि मला न घेता. माझी खिडकीची जागा तुम्ही रिक्षावाल्याच्या पाठीमागे बसून एकटीनं वापरलीत.

आणि मग तिसरी गोष्ट ध्यानात आली, ती मात्र अजून गेलेली नाही. तुम्ही पाण्यात उतरलाच नव्हतात. डॉक्टरांचं तुम्ही ऐकलं होतंत, स्वतःहून. हट्ट नाही, रडारड नाही. म्हणजे मी फोनवर सरळ सांगितलं असतं की वन्सं, डॉक्टर नको म्हणालेत, तर तुम्ही म्हणाला असतात, मग पाय सोडून बसू. इतकंच. आपण दोघी त्या पायरीवर पाय सोडून बसलो असतो. तुम्ही मला लग्नाचं यंदाचं कारण सांगितलं असतंत. ते मी ऐकलं नाही, कारण मी तुम्हाला जपत होते. तुमची खेप चुकली नाही. माझी चुकली.

सई विचारत होती, आजी, तुझे डोळे लाल का झालेत. मी म्हटलं, गंधक.

निघताना मी चपला घ्यायला बेबीकडे गेले. एक गोष्ट विचारल्याशिवाय पाय निघेना. म्हटलं, तासभर बसून काय करत होत्या गं त्या? मला तुम्ही एकट्या, गप्प, भिंतीकडे बघत बसलेल्या दिसत होतात आणि ते चित्र मला घरी न्यायचं नव्हतं. बेबी म्हणाली, करतायत काय, बोलत होत्या. मी विचारलं, फोनवर? ती म्हणाली, फोन नव्हता हातात. तिलाही आधी तसंच वाटलं, मग तिनं नीट बघितलं. शेजारी कुणी नव्हतं आणि शेजारी बघून बोलत होत्या. मधूनच थांबायच्या, समोरचा बोलल्यावर थांबतात तशा, आणि मग असं करायच्या. बेबीनं उजव्या हाताची चार बोटं हवेत झटकून दाखवली.

ते बोटं झटकणं मला ओळखीचं आहे. तसा हात तुम्ही जगात फक्त माझ्यासमोर झटकायचात, माझं सगळं ऐकून घेतल्यावर, 'तुला काही कळत नाही शैला' असं म्हणायच्या ऐवजी.

काय बोलत होतात ते बेबीला ऐकू आलं नाही. घाणा चालू होता. मी दोनदा विचारलं, तिनं दोनदा तेच सांगितलं. पाण्याचा विषय होता, का माझ्या लाद्यांचा, का मरणानंतर काही असतं त्याचा, काहीच कळायला मार्ग नाही. मी तिथं माझ्या बाजूनं काय बोलले तेही मला माहीत नाही, आणि तुम्ही मला नीट बोलू दिलं असेल यावर माझा विश्वास नाही. तरीपण वन्सं, विषय कुठलाही असो, तुमचं चुकत होतं.